पोलिसांनी फोन जप्त केला तर: हक्क, कागद आणि फोन परत मिळवण्याचा मार्ग

"पोलिसांना माझा फोन असा घेता येतो का?" फोन गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. बहुतेक वेळा उत्तर 'येतो' असेच असते. ते पटत नाही म्हणून माणूस तिथेच वाद घालत बसतो आणि जे खरोखर विचारायला हवे ते राहून जाते: फोन कोणत्या कलमाखाली घेतला, त्याची नोंद कशी झाली, सील झाले का, आणि प्रत कुठे आहे? पुढे न्यायालयात उपयोगी पडतो तो त्या दिवशीचा कागद. तिथे झालेली हुज्जत कुणी विचारत नाही.

आधी कायद्याची नावे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस लागू आहे. तपास त्याआधीच सुरू झाला असेल तर कागदांवर जुनी कलमे (९१, १०२, ४५१) दिसतील. घाबरू नका, तरतुदी बऱ्याचशा त्याच आहेत. खाली दिलेले आकडे नव्या संहितेचे आहेत.

'दाखव जरा' आणि जप्ती यात फरक आहे

नाक्यावर अडवून "फोन उघड, व्हॉट्सअ‍ॅप दाखव" असे सांगितले जाते तेव्हा ती जप्ती नसते आणि झडतीही नसते. कलम १०६ प्रमाणे वस्तू जप्त करायची तर ती चोरीची असल्याचा संशय हवा किंवा ती सापडलेली परिस्थिती गुन्ह्याचा संशय निर्माण करणारी हवी. कुणाचाही फोन सहज चाळून बघण्याची मोकळीक हे कलम देत नाही. प्रकरण अदखलपात्र, म्हणजे नुसती 'एनसी' असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासही करता येत नाही (कलम १७४).

अशा वेळी आवाज न चढवता एवढेच बोलावे: "साहेब, कोणत्या गुन्ह्याच्या तपासात फोन हवा आहे? जप्त करणार असाल तर पंचनामा करून घ्या, माझी अडवणूक नाही." यातून तुम्ही विरोध केला नाही हे स्पष्ट होते आणि स्वतःहून फोन उघडूनही दिलेला नसतो. आपल्या हाताने कुलूप काढून दिले की नंतर त्याला 'संमतीने दाखवला' असे म्हटले जाते आणि ते खोडून काढणे अवघड जाते. हिसकाहिसकी मात्र अजिबात करू नका. सरकारी कामात अडथळा आणल्याचा वेगळाच गुन्हा अंगाला चिकटतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

फोन कोणत्या वाटेने गेला हे ओळखा

लेखी नोटीस आली असेल तर ती बहुधा कलम ९४ खालची असते. न्यायालय किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी एखादी वस्तू हजर करायला सांगतो, आणि नव्या संहितेने त्यात संपर्काच्या उपकरणांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. नोटिसीवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे आणि नेमके काय हवे ते लिहिलेले असावे. नुसता "मोबाईल घेऊन या" असा फोन आला तर नम्रपणे लेखी मागा. आरोपीसाठी इथे एक महत्त्वाचा निकाल आहे. १९६४ साली श्यामलाल मोहनलाल चोक्सी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, तेव्हाच्या संहितेतली हीच तरतूद आरोपीला लागू होत नाही असे ठरवले. म्हणून तुम्ही आरोपी की साक्षीदार, हे नोटीस हातात आल्याबरोबर लेखी विचारून घ्या. उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा.

घरझडतीत फोन गेला असेल तर ती न्यायालयाच्या वॉरंटने (कलम ९६) किंवा वॉरंटशिवाय (कलम १८५) झालेली असते. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने कारणे आधी लेखी नोंदवायची असतात. त्या नोंदीची प्रत लगेच, आणि जास्तीत जास्त ४८ तासांत, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला हवी. ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केला तर ती प्रत न्यायदंडाधिकाऱ्याकडून त्याला मोफत मिळते. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. वापरावा, कारण झडतीमागचे खरे कारण काय होते ते त्याच कागदात दिसते.

अटकेच्या वेळी अंगझडतीत फोन काढून घेतला तर कलम ४९ प्रमाणे घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची असते.

जप्ती पंचनामा: इथे वेळ घालवा

पुढचे सगळे या कागदावर उभे राहते, म्हणून तो घाईत होऊ देऊ नका. ठोकळेबाज पंचनाम्यात फोनची नोंद अशी असते: 'एक काळ्या रंगाचा मोबाईल, जु.वा.किं.अं. ५,०००/-'. जुना वापरता, किंमत अंदाजे, एवढेच. या वर्णनात बाजारातला कुठलाही काळा फोन बसेल. उद्या मुद्देमाल खोलीतून भलताच फोन बाहेर आला तर काय दाखवणार?

नोंद कशी हवी, त्याचा नमुना:

'अमुक कंपनीचा अमुक मॉडेल, निळा रंग, स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तडा. आयएमईआय १ व २ (पूर्ण १५ अंक). त्यात अमुक क्रमांकाचे एक सिम, ६४ जीबीचे एक मेमरी कार्ड. ताब्यात घेतेवेळी फोन चालू, कुलूपबंद. दोन्ही पंचांसमक्ष पाकिटात घालून सील केला, पाकिटावर पंचांच्या व तपासी अधिकाऱ्याच्या सह्या. वेळ १७.४० ते १८.१५.'

आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो बघायला फोनवर *#०६# दाबावे लागते. फोन बंद असेल तर तो खोक्यावर किंवा सिमच्या खाचेवर छापलेला असू शकतो. खरे म्हणजे हा लेख वाचता वाचताच ते दोन आकडे एका वहीत उतरवून ठेवा. फोन गेल्यावर ते शोधायला फोनच नसतो.

घराच्या झडतीला त्या भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच लागतात (कलम १०३). घरमालकाला किंवा त्याच्या माणसाला झडतीभर हजर राहता येते आणि पंचांनी सही केलेल्या यादीची प्रत त्याला द्यावीच लागते. पंच प्रत्येक वेळी पोलिसांच्या ओळखीतलेच निघतात, ही तक्रार जुनी आहे. त्यावर तिथे वाद नको. पंचांची नावे तेवढी लक्षात ठेवा.

नव्या संहितेतली सर्वांत कामाची भर म्हणजे कलम १०५. झडती, वस्तू ताब्यात घेणे, यादी करणे आणि त्यावर पंचांच्या सह्या घेणे या सगळ्याचे दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे झाले आहे. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. चित्रीकरण चालू दिसत नसेल तर "साहेब, कलम १०५ चे रेकॉर्डिंग सुरू आहे ना?" असे एकदा, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा. सुरू असेल तर तुमचा प्रश्न त्यात नोंदला जाईल. नसेल तर तुम्ही विचारले होते हे पंचांनी ऐकलेले असेल.

सही करताना: कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नको. पंचनाम्याची प्रत मिळाली तर सहीखाली 'प्रत मिळाली' आणि वेळ लिहा. नाही मिळाली तर 'प्रत मिळाली नाही' लिहा. चौकशीत पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर मात्र सही करावी लागत नाही, तशी सही घ्यायला कलम १८१ ची मनाई आहे.

प्रत दिलीच नाही तर? त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या ईमेलवर आणि रजिस्टर पोस्टाने एक साधे पत्र पाठवा: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी माझा फोन घेतला, प्रत मिळाली नाही, ती द्यावी आणि कलम १०६ प्रमाणे जप्तीचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवला का ते कळवावे. एक प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना. पत्रात राग नको, तारखा हव्यात.

पासवर्ड द्यायचा की नाही

याचे एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण न्यायालयांचे मत इथे एक नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण १९६१ च्या काठी कालू ओघड निकालात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना ही 'साक्ष' नव्हे असे ठरवले. २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को आणि पॉलिग्राफ चाचण्यांना मनाई केली, कारण तिथे माणसाच्या डोक्यातले काढून घेतले जाते. आता पासवर्ड ठशासारखा धरायचा की डोक्यातल्या माहितीसारखा? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असे मत दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संकेत मोदी प्रकरणात आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येत नाही असे म्हटले. दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये मधली वाट धरली: पासवर्ड सांगायची सक्ती नाही, पण बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरून फोन उघडता येईल.

माझे मत असे: आरोपी किंवा संशयित असाल तर ठाण्यात तोंडी पासवर्ड सांगू नये. "न्यायालयाचा आदेश झाला तर मी पालन करीन, तोवर वकिलाशी बोलून उत्तर देतो" असे म्हणावे आणि ते लिहून घ्यायला सांगावे. स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर न देण्याची मुभा चौकशीतल्या प्रत्येकाला कलम १८० देतेच. न्यायालयाने आदेश दिला तर मग तो पाळायचा किंवा वरच्या न्यायालयात आव्हान द्यायचे. गप्प बसून राहणे हा पर्याय नव्हे.

एक सावधगिरी. "आरोपीने स्वखुशीने पासवर्ड सांगितला" असा निवेदन पंचनामा कधीकधी तयार होतो. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पण त्या निवेदनातून काही नवे सापडले तर तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो. म्हणून स्वखुशी नसेल तर तसे बोलून दाखवा आणि दंडाधिकाऱ्यासमोर हजर केल्यावर पहिल्याच संधीला सांगा.

'माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ लावू, सात वर्षे आत जाशील' असाही दम दिला जातो. त्या कलमात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे हे खरे, पण त्याखालचे आदेश गृहसचिवांच्या पातळीवरचा सक्षम अधिकारी काढतो. ठाण्यातला अंमलदार तोंडी तसा आदेश देऊ शकत नाही.

जप्तीनंतर तुम्ही काय करू नये

फोन रोज कुलूपबंद ठेवणे गुन्हा नाही. जप्त झालेला फोन दुसऱ्या यंत्रावरून पुसून टाकणे हा आहे. क्लाऊडवरचे फोटो, ईमेल, चॅटचा बॅकअप उडवणे हेही त्यातच येते. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ गुन्ह्यापेक्षा सिद्ध करायला सोपा असतो, कारण वेळेची नोंद सर्व्हरवर राहते. 'हरवला' म्हणून संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करू नका, ती खोटी माहिती ठरेल.

बँकेची गोष्ट वेगळी. फोनमधले यूपीआय आणि बँकेचे अ‍ॅप बँकेला कळवून बंद करून घेणे योग्यच आहे. नंबर पुन्हा सुरू करायला नवे सिम घ्यायचे असेल तर आधी तपासी अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याच नंबरावर नव्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालू केले की जप्त फोनमधले खाते बाहेर पडते आणि मग 'छेडछाड केली' असा मुद्दा निघतो. दोन ओळींचा ईमेल ही कटकट टाळतो.

प्रयोगशाळा, क्लोन आणि हॅश

जप्त फोन सहसा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत (एफएसएल) जातो. महाराष्ट्रातली मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला आहे. तिथे फोनमधल्या माहितीची तंतोतंत प्रत, म्हणजे क्लोन, काढतात आणि तिचा हॅश नोंदवतात. हॅश म्हणजे त्या प्रतीवरून गणिताने निघालेली अंक-अक्षरांची ओळ. प्रतीत एक अक्षर बदलले तरी ही ओळ पूर्ण बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते त्यात हॅशची जागा आहे. असे प्रमाणपत्र किती आवश्यक असते ते जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, तेव्हाच्या ६५-ब कलमाबद्दल, स्पष्ट केले.

एक बारकावा वकिलांच्याही नजरेतून सुटतो. फोन नुसता चालू केला तरी आतल्या काही नोंदी बदलतात. म्हणून जप्तीनंतर आणि प्रयोगशाळेत पोचण्याआधी फोन कुणी उघडून बघितला का, हा प्रश्न महत्त्वाचा. सील किती वाजता लागले आणि प्रयोगशाळेला पाकीट मिळाले तेव्हा ते शाबूत होते का, हे दोन कागद समोरासमोर ठेवून बघा. मधल्या तारखेला व्हॉट्सअ‍ॅपचा 'लास्ट सीन' हलल्याचे कुणी पाहिले असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा.

मात्र भलती आशा नको. जप्तीच्या पद्धतीत चूक झाली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, १९७३ च्या पूरणमल निकालापासून कायदा असाच आहे. त्रुटींमुळे पुराव्याचे वजन घटते, आणि ते घटवायला नोंदी लागतात. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्यातल्या इलेक्ट्रॉनिक मजकुराची क्लोन प्रत आरोपीला मागता येते. २०१९ च्या पी. गोपालकृष्णन निकालाने ती वाट मोकळी केली. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे प्रतीऐवजी फक्त पाहणी मिळू शकते.

तुम्ही फिर्यादी किंवा साक्षीदार असाल तर

फसवणुकीची तक्रार द्यायला गेलेल्याचाच फोन महिनोन्महिने अडकून पडतो, हे फार होते. आधीच तोडगा सुचवा: हवे ते चॅट, व्यवहार, कॉलची नोंद पंचांसमक्ष काढून द्यायची, कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडायचे आणि मूळ फोन जपून ठेवण्याची लेखी हमी द्यायची. अधिकारी तयार झाला तर फोन घरी राहतो. नाही झाला तर तुम्ही पर्याय दिला होता, हे परतीच्या अर्जात लिहिता येते. ६० वर्षांवरील माणसे, १५ वर्षांखालील मुले, स्त्रिया, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांच्याकडे घरी जावे लागते (कलम १७९).

फोन परत मिळवण्याचा अर्ज

ठाण्यात खेपा घालून फोन मिळत नाही. "साहेबांना भेटा", "एफएसएलला गेलाय", "पुढच्या आठवड्यात या" हे चक्र तोडायला न्यायालयात अर्ज लागतो. त्या ठाण्याचे काम ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे चालते तिथे 'मुद्देमाल परत मिळण्याबाबत' अर्ज करायचा. मुद्देमाल न्यायालयापुढे हजर झाला असेल तर कलम ४९७, नसेल तर कलम ५०३.

अर्जात साध्या शब्दांत: 'सदर मोबाईल अर्जदाराच्या मालकीचा असून त्याचा आयएमईआय क्रमांक अमुक आहे. तो अमुक तारखेस गु.र.नं. अमुकमध्ये जप्त करण्यात आला. अर्जदाराचा व्यवसाय, बँक व्यवहार व कागदपत्रे त्यावर अवलंबून आहेत. अर्जदार फोन विकणार नाही, त्यात बदल करणार नाही व आदेश होईल तेव्हा हजर करील. योग्य त्या बंधपत्रावर फोन सुपूर्दनाम्याने परत मिळावा.' सुपूर्दनामा म्हणजे अटींवर वस्तूचा ताबा दिल्याचा कागद. सोबत बिल, ओळखपत्र, पंचनाम्याची प्रत. बिल हरवले असेल तर खोक्यावरचा आयएमईआय, ऑनलाइन खरेदीचा ईमेल किंवा हप्त्यांचा कागद चालतो. चोरीचा फोन पोलिसांनी चोराकडून पकडला असेल तर मूळ मालकानेही हाच अर्ज करायचा.

न्यायालय पोलिसांचे म्हणणे मागवते. ते बहुतेक ठरलेले असते: तपास चालू आहे, अहवाल यायचा आहे. त्याला दोन उत्तरे. एक, सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने मुद्देमाल ठाण्यात १५ दिवस ते एक महिना याहून जास्त पडू देऊ नये असे म्हटले आहे. दोन, कलम ४९७ ने आता मुदतीच घातल्या आहेत: मालमत्ता न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचे विवरण, छायाचित्रे, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. फोन प्रयोगशाळेतच असेल तर 'प्रत काढून झाल्यावर परत द्यावा' अशी पर्यायी मागणी त्याच अर्जात घाला. तेही नाही जमले तर निदान संपर्क, शैक्षणिक किंवा धंद्याच्या फायलींची प्रत मागा. ही लहान मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण, किंवा उच्च न्यायालयाच्या मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर वा आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

ईडी, आयकर किंवा यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा) यांसारख्या प्रकरणांत जप्तीचे आणि परतीचे नियम त्या त्या कायद्याचे चालतात. तिथे वरच्या नमुन्यावर विसंबून अर्ज करू नका, त्या कामातला वकील गाठा.

फोन हातात आल्यावर

सुपूर्दनाम्यावर सही करण्याआधी पाकिटाचे सील बघा, आयएमईआय जुळवा, तडा होता तेवढाच आहे का ते पाहा. सिम आणि मेमरी कार्ड मोजून घ्या. काही कमी असेल तर त्याच कागदावर तसे लिहा, नंतरच्या तक्रारीला वजन राहत नाही. घरी येऊन लगेच फॉरमॅट मारायचा मोह होतो, विशेषतः फोन कुणीतरी चाळलाय हे माहीत असल्यावर. बंधपत्रात 'बदल करणार नाही' असे लिहून दिले आहे, त्यामुळे खटला संपेपर्यंत तो फोन तसाच ठेवावा लागतो. रोजच्या वापराला दुसरा फोन घ्या. सगळे पासवर्ड त्या दुसऱ्या फोनवरून बदला आणि ज्या ज्या खात्यांत जुना फोन अजून लॉग-इन दिसतो तिथून त्याला बाहेर काढा. मजकूर न पुसता हे करता येते. तरीही अट नेमकी कोणत्या शब्दांत आहे ते वकिलाला आधी विचारून घ्या, आणि केलेल्या बदलाची तारीख टिपून ठेवा.